बुरोंडीच्या काठ्या

तिशीची सालं उजाडली तोवर वाडीत असं एक घर उरलं नव्हतं की ज्याच्या परसात काठीकणगं नाही. वर पुरुषभर उंच काठ्या, सावरीसारखी पंजाची पानं, आणि खाली मनगटाएवढी जाड मुळं. सोलायची, उकडायची, पाणी ओतून टाकायचं, वर मीठ आणि बाजूला भाजलेला बोंबील. एवढं ताटात आलं की भात आहे की नाही हे कुणी विचारत नसे. पण हे आलं कुठून असं विचारा, की जो तो आपलं घोडं पुढे दामटणार. एक म्हणे शाळामास्तरांनी आणलं. दुसरा म्हणे खोताच्या बागेतून पसरलं. आणि काशीराम तर छातीवर हात मारून सांगायचा की आमच्या महिपतदादाने मुंबईहून आणलं. महिपत शेजारीच विडी ओढत बसलेला असायचा आणि गप्प ऐकून घ्यायचा. नाही म्हणायला काय जात होतं मेल्याचं? मुंबईच्या गिरणीत कंद पिकतात होय!

खरी गोष्ट महिपतच्या बायकोची, चिमाची. तिला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "बुरोंडीचं हाय ते," आणि पुन्हा कामाला लागायची. एरवी बोलायला फटकळ. समोर कोण आहे हे न बघता तोंडावर सांगून मोकळी होणारी. पण या एका बाबतीत तिच्या तोंडून चार शब्द काढायचे म्हणजे संध्याकाळ व्हायची. म्हणून आता दुसऱ्यानेच सांगायला हवं.

वाडी बुरोंडीपासून दोन कोस वर, चढणीला. महिपत आणि त्याचा धाकटा भाऊ काशीराम दोघेही मुंबईला गिरणीत. महिपत गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, की पुन्हा वर्षभर घरात तीनच माणसं. चिमा, तिची सासू यमुनाबाई आणि चिमाची पोर मैना. वरकस जमिनीत नाचणी, खाली दोन खाचरं भात, परसात कणगं आणि सुरण. पावसाळा सोडला तर दर आठ दिवसांनी चिमा फाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन बुरोंडीला उतरायची. समुद्रावरच्या माणसांना जळण हवं, डोंगरातल्यांना सुकी मासळी हवी. चिमाचं घर ठरलेलं होतं, हफीजाचं. भारा अंगणात टाकायचा, पायरीवर बसून पाणी प्यायचं, आणि टोपलीत सुकट-बोंबील घालून परत चढायचं. हफीजाचा नवरा जमाल कौलं वाहणाऱ्या फत्तेमारीवर खलाशी होता, मंगळूर-कालिकतपर्यंत जायचा. म्हणजे तीसुद्धा चिमासारखीच, नवऱ्याची वाट बघत घर चालवणारी. दोघींचं जमायचं.

चिमाचं एकच दुःख होतं आणि ते साऱ्या वाडीला ठाऊक होतं. तिच्या घरी पावसाळ्यातलं मूल टिकत नसे. मैना मार्गशीर्षातली, घरात नवं भात आलेलं असतानाची, म्हणून जगली. मैनामागून दोन मुलगे झाले, दोन्ही ज्येष्ठ-आषाढातले. आषाढ लागला की पेंढ्यात बांधलेली भाताची मुडी तळाला जायची, घरात पेज पातळ व्हायची, आणि चिमाचं दूध आटायचं. पोर रडायचं, मग रडायचंही थांबायचं. दोन्ही श्रावणात गेली. दुसरा गेला तो सव्वीस साली.

त्यानंतर कार्तिकात, पाऊस पुरता संपल्यावर, चिमा पहिल्यांदा बुरोंडीला उतरली. भारा उतरवून घ्यायला हफीजा बाहेर आली, तिचं तोंड बघितलं आणि समजली.

"पोर गेलं?" हफीजाने विचारलं.

चिमाने मान हलवली. फटकळ तोंडाची बाई, पण त्या दिवशी येऊन नुसती पायरीवर टेकली. हफीजा तिच्याशेजारी पायरीवर बसली. किती वेळ बसल्या कोण जाणे. भरती आली तशी कोंबड्या अंगणातून आत आल्या, तरी दोघी बसूनच होत्या.

उठायची वेळ झाली तेव्हा पंचाईत झाली. बुरोंडीत काय नि वर वाडीत काय, आलेल्या बाईची टोपली मोकळी परत पाठवायची नाही. मूठभर मीठ का होईना, घालायचंच. आणि दुःखातून पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्या बाईला रिकाम्या टोपलीने उंबरा उतरू देणं म्हणजे तर आपल्या हाताने वाईट करणं. पण त्या आठवड्यात वारा फिरलेला होता, होड्या रेतीवर ओढून ठेवलेल्या होत्या. ओलं नाही, सुकं नाही. मिठाची बरणीसुद्धा खडखडीत. हफीजा आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. शेवटी तिने पडवीच्या कोपऱ्यातून काठ्यांची एक जुडी उचलली आणि चिमाच्या टोपलीत आडवी ठेवली.

"यांनी आणल्यात मलबारातून," ती म्हणाली. "तिकडे गरिबाच्या दारात असतंच म्हणे हे. परसात रोव. खाली कंद धरतो, रताळ्यासारखा."

आता बघा, जळण विकायला आलेल्या बाईला काठ्या देऊन पाठवायचं! दुसरी कोणी असती तर वाटेत पहिल्या वळणावर फेकून देती. चिमाने त्या घरापर्यंत आणल्या, ते काही मोल कळलं म्हणून नव्हे. टोपलीत काय आहे इकडे तिचं लक्षच नव्हतं. सात काठ्या होत्या. मोरीचं सांडपाणी जिथे जायचं तिथे तिने त्या एका ओळीत खोचल्या आणि विसरून गेली.

पंधरा दिवसांत त्यांना डोळे फुटले. मग चिमा विसरेना. सकाळी उठली की आधी मोरीमागे जाऊन बघायची. घरातून एक पोर गेलं, आणि दारात काहीतरी वाढतंय हे बघायला तिला बरं वाटायचं. असं तिने कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच ते.

"हे काय लावलंस गो?" यमुनाबाई म्हणायची. "फूल नाय, फळ नाय. सावरीची जात दिसते. कापूस येतो का बघ!"

"येईल तेव्हा तुमची उशी भरेन, आये," चिमा म्हणायची.

यमुनाबाई म्हणजे जिभेने तिखट बाई. सून फटकळ, सासू तिखट, घरात भांड्यांआधी त्याच वाजायच्या. पण दोन नातवंडं गेली तेव्हा यमुनाबाई चार दिवस जेवली नव्हती हेही खरं.

एक वर्ष झालं. सत्तावीस साली कार्तिकात कणगं काढायचे दिवस आले. कणग्याचा वेल वाळला की समजायचं, खाली तयार आहे. पण या काठ्या कुठल्या वाळायला? हिरव्यागार उभ्या. यमुनाबाई रोज जाऊन बघायची आणि म्हणायची, "वाळत नाय म्हणजे तयार नाय." शेवटी एका म्हशीने धक्का मारून एक झाड कलंडवलं आणि माती फुटून मुळं वर आली. दंडाएवढी लांब, मातकट सालीची, पाच-सहा एका झाडाला.

चिमा थोडा वेळ बघतच राहिली. मग तिने आणि मैनाने मिळून साती झाडं उपटली. कडू करांदा आपल्याकडे जसा पाणी बदलून उकडतात तसंच तिने केलं. नव्या मुळाला कोणी भरवसा द्यावा? जाड साल काढली, तुकडे केले, बिनझाकणाच्या टोपात खळाखळा उकळले, पाणी ओतलं. आत पांढरंशुभ्र, मधला दोरा काढला की मऊ. यमुनाबाईने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"चिमे," ती म्हणाली, "ह्यात कापूस नाय गो."

त्या दिवशी तिघी पोट तट्ट होईस्तोवर जेवल्या. शेजारीपाजारी एकेक वाटी गेली. आणि मग चिमाने केली चूक. चूक तरी कशी म्हणायची? आईने शिकवलं, सासूने शिकवलं, तेच केलं तिने. कणगं असो, सुरण असो, करांदा असो, चांगला घाटदार कंद बाजूला काढून राखेत ठेवायचा आणि पावसाच्या तोंडावर तोच लावायचा. कंदाला कंद, हे कोण चुकवणार? सगळ्यांत देखणी अशी दहा मुळं तिने निवडली, धुतलीसुद्धा नाहीत, राख पसरून माळ्यावर नीट मांडली. पुढच्या वर्षी दहाची चाळीस करायची आणि दोन मुळं हफीजाला नेऊन दाखवायची, असा तिचा बेत. काठ्या? काठ्यांचं काय करायचंय! मिरची-वांग्याच्या वाफ्याची वई, म्हणजे काट्याकुट्याचं कुंपण, गुरांनी मोडली होती. यमुनाबाईने काठ्यांचे हातहातभर तुकडे केले आणि वईत खोचून दिले. जे सुलटे गेले ते सुलटे, जे उलटे गेले ते उलटे.

आठव्या दिवशी माळ्यावरून वास आला. चिमा चढून बघते तर दहाच्या दहा मुळं काळीनिळी पडलेली, बोट लावलं की आत जातंय. कणगं सहा महिने राहतं राखेत, हे सहा दिवस राहिलं नाही.

चिमा माळ्यावरच बसली आणि रडली. नुसत्या कंदासाठी बाई एवढी रडेल का? तिचा महिपत गणपतीला येऊन गेला होता आणि तिला दिवस राहिले होते. तिने बोटांवर मोजून बघितलं होतं. मूल ज्येष्ठातच येणार होतं. पुन्हा ज्येष्ठातलंच! गेले आठ दिवस ती मनाशी एकच घोकत होती, की या वेळी घरात भात संपला तरी माळ्यावर काहीतरी असेल, आपण उपाशी राहणार नाही, आपलं दूध आटणार नाही. आणि ते सगळं आपल्याच हाताने राखेत कुजवलं.

"माझ्याच अकलेला आग लागली, आये," ती खाली येऊन म्हणाली.

यमुनाबाईने ती सडलेली मुळं उकिरड्यावर नेऊन टाकली आणि त्या दिवशी सुनेला काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिलाही पुरतं लागलं होतं.

बुरोंडीला चिमा त्यानंतरही जात राहिली, पण हफीजापुढे काठ्यांचा विषय काढायची तिला हिंमत होईना. काय सांगणार? तू दिलंस, ते आलं, आणि मी घालवलं? हफीजाही कधी विचारायची नाही. चिमाला वाटायचं, बरंच झालं.

पौषात एकदा यमुनाबाई वांग्यांना पाणी घालायला गेली आणि तिथूनच ओरडली, "चिमे! अगो धाव, वई पालवली!"

चिमा हातातली केरसुणी घेऊनच धावली. वाफ्याचं पाणी वईपर्यंत मुरत होतं आणि सासूने खोचलेल्या तुकड्यांपैकी निम्म्याहून जास्त तुकड्यांना हिरवे कोंब आले होते. तीच पंजाची पानं, पैशाएवढी इवली. चिमाने वईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं. तेवीस. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हफीजाने कंद कुठे दिला होता? काठ्याच दिल्या होत्या. या झाडाचं बियाणं वर असतं, खाली नसतं. एवढं साधं, आणि वर्षभर डोळ्यांसमोर उभं असून दिसलं नाही.

"देवा रे महाराजा," ती म्हणाली आणि तिथेच वाफ्यात मटकन बसली. हसत होती की रडत होती ते यमुनाबाईला कळेना.

"ऊठ, ओल्यात बसू नकोस दोन जिवांची," सासू खेकसली. आणि मग वईकडे बघत म्हणाली, "खोचल्या मी, हे ध्यानात ठेव हां."

त्या दिवसापासून वांग्यांना कमी आणि वईला जास्त पाणी मिळू लागलं. फाल्गुनापासून चिमाला भारा झेपेना, बुरोंडीला यमुनाबाईच जायला लागली. तिला चिमाने बजावून ठेवलं होतं, काठ्यांचं हफीजाला काही सांगायचं नाही. एकदा तोंड पोळलं होतं. हातात काही येईस्तोवर आता बोलायचं नाही.

वैशाखात मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. सगळ्या गिरण्या बंद, आणि कधी उघडतील ते कुणाला माहीत नाही. खोलीवर बसून खायचं तरी काय, म्हणून गावोगावचे गडी आपापल्या घरी परतले. महिपत आला, काशीराम आला. चिमाला नवरा घरी आला याचा आनंद झाला नाही असं नाही. पण मनीऑर्डर बंद, आणि वर दोन दणदणीत जेवणारे गडी. भाताची मुडी आषाढात तळाला जायची ती ज्येष्ठातच गेली.

आणि ज्येष्ठात, मिरगाचा पाऊस धरला होता तेव्हा, चिमाला मुलगा झाला. यमुनाबाईने त्याला सुपात घेतला, तोंड बघितलं आणि बाळंतिणीच्या कुशीत ठेवला. नाव ठेवायचं कुणी काढलं नाही. आधीच्या दोघांना नावं ठेवली होती. चिमा म्हणाली, या वेळी नको.

आषाढ लागला. घरात जेवायची रीत सगळीकडे असते तीच, आधी गडी, मग पोरं, मग सासू, आणि टोपाच्या तळाशी राहील ते सुनेचं. एरवी त्यात काही वाटायचं नाही. पण टोपच अर्धा असला की तळाशी काय राहणार? पेजेचं पाणी. तिसऱ्या आठवड्यात पोर छातीशी लागून चिडचिडायला लागलं. चिमाला ती चिडचिड ओळखीची होती. तिने दोनदा ऐकली होती. ती भिंतीकडे तोंड करून पोराला पाजत बसायची.

"आये," एका दुपारी ती हलकेच म्हणाली, "आटायला लागलं."

यमुनाबाई तशीच उठली. डोक्यावर इरलं घेतलं, हातात कुदळ घेतली आणि धो-धो पावसात परसात गेली. परत आली तेव्हा चिखलाने माखलेली आणि पदरात चार मुळं. आठ महिन्यांचीच होती, मनगटापेक्षा बारीक आणि पावसाने जरा पाणचट. पण भरलेली.

त्या संध्याकाळी टोप उकळला, पाणी ओतलं, वाफ घरभर झाली. महिपत आणि काशीराम पाटावर येऊन बसले. यमुनाबाईने ताट वाढलं, वर भाजलेला बोंबील ठेवला, आणि ते ताट दोघा मुलांच्या समोरून उचलून आत नेलं, चिमाच्या पुढ्यात.

"आये, हे काय?" महिपत म्हणाला. गिरणीतला गडी, त्याच्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं.

"बाळंतीण आधी जेवेल," यमुनाबाई म्हणाली. "तिचं जेवण दोघांचं हाय. तुमचं एकेकाचं. थांबा."

"आणि ही लाकडं आम्ही खायची होय?"

"नको खाऊस! मुंबईला जा, भात वाढतील तुला."

चिमाने पहिला घास हातात घेतला. सासरी येऊन दहा वर्षं झाली होती. या घरात सासूच्या आधी, नवऱ्याच्या आधी ती कधी जेवली नव्हती. तिने मान वर करून बघितलं तर यमुनाबाई दारात उभी, कमरेवर हात.

"बघतेस काय? गीळ," यमुनाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला ती थांबली नाही. चिमाने भरल्या डोळ्यांनी ताट संपवलं. त्या बाईबद्दल दहा वर्षांत जे जे मनात साठलं होतं ते त्या एका ताटाबरोबर धुऊन गेलं, असं ती पुढे मैनाच्या लग्नात सगळ्यांदेखत म्हणाली होती.

मग दिवसाआड एक झाड. आधी चिमा, मग मैना, मग बाकीचे. महिपत दोन दिवस तोंड वाकडं करून बसला आणि तिसऱ्या दिवशी टोप खरवडायला लागला. काशीरामने घाई करून एक मूळ निखाऱ्यावर अर्धंकच्चं भाजून खाल्लं, आणि तासाभरात डोकं धरून ओटीवर आडवा झाला, ओकून ओकून बेजार. "कडू करांदा खाशील का रे असा, मेल्या?" म्हणून यमुनाबाईने त्याला वर चार शब्द सुनावले. बरा झाला तो दुसऱ्या दिवशी. आणि हाच काशीराम पुढे छाती ठोकून सांगायचा, आमच्या दादाने आणलं!

या वेळी मात्र उपटलेल्या झाडाची एकही काठी कुणी वाया जाऊ दिली नाही. चिमाने स्वतः उठून बांधावर रोवायला लावल्या. महिपत भर पावसात काठ्या रोवत होता आणि चिमा पडवीतून ओरडत होती, "डोळे वर! डोळे वर ठेवा!"

श्रावण आला. त्या महिन्यात चिमा रात्रंदिवस पोराच्या नाकाशी हात नेऊन बघायची. श्वास लागत होता. दूध होतं. पोराचे गाल भरत चालले होते, मांड्यांना वळ्या पडत होत्या. नारळी पौर्णिमा गेली. गोकुळाष्टमी गेली. एके सकाळी पोराने सुपात पाय झाडले आणि आईकडे बघून ते हसलं, तेव्हा चिमाने श्रावणाचे दिवस मोजणं सोडून दिलं. भाद्रपदात हळवं भात कापायला आलं. मुठीएवढ्या नव्या तांदळाची पेज घरात शिजली, आणि यमुनाबाईने देवापुढे दिवा लावून हात जोडले ते बराच वेळ सोडलेच नाहीत.

आश्विनात संप मिटला. गडी पुन्हा मुंबईला गेले. तेव्हा यमुनाबाईनेच विषय काढला. मूल जगत नसेल तर ते दुसऱ्या बाईच्या ओटीत घालायचं, तिने आपल्या हाताने परत द्यायचं, म्हणजे ते तिच्या दानाचं होतं आणि आपल्या घरची वाईट नजर त्याला लागत नाही. ही रीत जुनी.

"कुणाच्या ओटीत घालायचं ते बघ," यमुनाबाई म्हणाली. "पाटलीणबाईला विचारू?"

"मी बघून ठेवलंय, आये," चिमा म्हणाली.

सासूने तिच्याकडे बघितलं. समजली. मग म्हणाली, "खरं हाय. जा."

कार्तिकात चिमा बुरोंडीला उतरली. डोक्यावर भारा नव्हता. टोपलीत पाच मुळं, वईत राखून ठेवलेल्या एका झाडाची, नुकती उपटलेली, आणि काखेत पोर. हफीजा अंगणात बांगडे पसरत होती. जमाल फत्तेमारीवरून आलेला होता, पडवीत दोर वळत बसला होता. हफीजाने पोर बघितलं आणि हातातली मासळी तशीच टाकून धावत आली.

"जगलं?"

"जगलं," चिमा म्हणाली, आणि पायरीवर बसून टोपली पुढे सरकवली. "हे तुझ्यासाठी. तू दिलेल्याचं."

"मी काय दिलं?" हफीजाला काही उमजेना.

जमालने मुळं ओळखली. "अरे, हे तर मलबारचं! आमच्या काठ्या हिच्याकडे गेल्या होय? मी म्हणतो कुठे गेल्या. मला वाटलं चुलीत घातल्या हिने."

हफीजाचा चेहरा एकदम उतरला. ती चिमाच्या शेजारी बसली आणि खाली बघत म्हणाली, "चिमा, त्या दिवसाचं नको काढू. तुझं पोर गेलेलं, तू माझ्या दारात आलीस, आणि घरात तुला घालायला एक बोंबील नव्हता. मी तुला लाकडं दिली. लाकडं! दोन वर्षं झाली, तू आलीस की मला तोंड दाखवायला लाज वाटते. मनात येतं, सगळं दिलं असतं, पण त्या दिवशी मी तुला रिकामी पाठवली."

चिमा तिच्याकडे बघतच राहिली. दोन वर्षं आपण या बाईपुढे गप्प बसलो, आणि ही आपल्यापुढे. तिने काखेतलं पोर उचललं आणि सरळ हफीजाच्या पदरात ठेवलं.

"रिकामी पाठवलीस?" तिचा आवाज फुटला. "बघ तरी डोळे उघडून! हा काय माझ्या घरच्या भातावर जगला? ह्याच्या अंगावर जे मांस हाय ते सगळं तुझं हाय, बाय. आता हा तुझा. आमच्यात रीत हाय, तू आपल्या हाताने मला परत द्यायचा. दिलास तर नेईन."

हफीजाने पोराला दोन्ही हातांनी धरलं. पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिलं आणि मग त्याने तिच्या नाकातली चमकी पकडली. जमालने दोर वळायचं थांबवलं होतं. हफीजाच्या हनुवटीवरून पाणी टपटप पोराच्या पोटावर पडत होतं आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

"नाव काय?" तिने विचारलं.

"ठेवलं नाय. तू देशील त्या दिवशी ठेवायचं ठरवलं होतं."

"मग जरा थांब," हफीजा म्हणाली, आणि पोराला छातीशी घट्ट धरून बसली. "एवढ्यात नाय देत. जरा माझा असू दे."